नखावरचे खड्डे

(पडद्यावर अंगठ्याचं नख, अगदी जवळून. मागे शिलाई मशीनचा आवाज.)

हे नख नीट बघा. टाचणीने टोचून ठेवल्यासारखे बारीक खड्डे. शिवताना बोटात अंगुस्तान घालतात ना, थेट तसे. टोकाला नख पिवळसर पडलंय आणि खालच्या कातडीपासून सुटलंय.

हा अंगठा एका शिंपीकाकांचा. कोपरावर सोरायसिसचे, म्हणजे कातडीवर खपल्या धरणाऱ्या आजाराचे, दोन चट्टे आहेत, रुपयाएवढे, गेली बारा वर्षं. त्यांचं त्यांना काही वाटत नाही. शर्टाची बाही खाली केली की झालं. आणि नख? "बुरशी असेल," काका म्हणतात. बुरशीचं मलम लावून झालं, फरक नाही. पडणारही नाही, कारण हाही सोरायसिसच आहे.

(बोटाच्या आतलं रेखाचित्र.)

सोरायसिस असलेल्या साधारण पाचांतल्या एकाला पुढे सांधे धरतात. त्याला सोरायटिक आर्थ्रायटिस म्हणतात. बहुतेकांच्या बाबतीत आधी कातडी, मग सरासरी दहाएक वर्षांनी सांधे. थोड्यांना उलटं होतं, सांधे आधी दुखू लागतात आणि चट्टे मागून येतात. मग तो एक नेमका कोण, हे आधी ओळखता येईल का?

एक धागा या नखातच आहे. बोट सरळ करणारी दोरी, म्हणजे स्नायुबंध, शेवटच्या पेराच्या हाडाला जिथे चिकटते, तिथूनच तिचे तंतू पुढे नखाच्या मुळापर्यंत जातात. आपण नखाला कातडीचा भाग समजतो, पण शेजार त्याचा सांध्याशी आहे. सोरायटिक आर्थ्रायटिसची सूज बऱ्याचदा अशाच, दोरी आणि हाडाच्या जोडावर सुरू होते. म्हणून नख बिघडलं की पेराकडेही बघावं.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या ओल्मस्टेड काउंटीत सोरायसिसच्या रुग्णांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २००९ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. ज्यांच्या डोक्यात चट्टे होते, त्यांना सांध्यांच्या आजाराचा धोका जवळपास चौपट. नखं बिघडलेल्यांना सुमारे तिप्पट. आणि नितंबांच्या फटीत चट्टा असेल, तर दुपटीहून थोडा जास्त.

आता गंमत पाहा. डोक्यातल्या खपल्यांना आपण कोंडा म्हणतो. नखाला बुरशी म्हणतो. आणि तिसरी जागा तर कोणी डॉक्टरांना दाखवतच नाही. लाज वाटते, आणि डॉक्टरही घाईत विचारत नाहीत. अंगभर पसरलेल्या सोरायसिसात धोका वाढतो, हे खरंच. पण चट्टे दोनच आहेत म्हणून निर्धास्त राहावं, असं नाही.

(दुकानाच्या भिंतीवर जुना कौटुंबिक फोटो.)

काकांच्या आईची बोटं वाकडी होती. "वात होता तिला." कुठला वात, ते कधी तपासलं गेलं नाही. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला सांध्यांचा हा आजार असेल, तर धोका बराच वाढतो. धोका वाढवणाऱ्या जनुकांपैकी एचएलए-बी२७ हे एक, पण ते असूनही आयुष्यभर ठणठणीत राहणारे पुष्कळ आहेत.

वजनाचं काय? लठ्ठपणाने धोका वाढतो, हे अनेक मोठ्या पाहण्यांत दिसलंय. भार गुडघ्या-टाचांवर येतो हा एक भाग. दुसरा असा, की चरबी नुसती साठून राहत नाही. सूज वाढवणारी रसायनं ती रक्तात सोडत असते.

दुखापतीची गोष्ट जुनी आहे. १८७२ साली हाइनरिश कोब्नर या जर्मन डॉक्टरांनी सांगितलं, की सोरायसिसच्या रुग्णाच्या कातडीला जिथे इजा होते, तिथे नवा चट्टा उठतो. त्यांच्या एका रुग्णाला घोडा चावला होता, आणि चट्टा उठला तो चाव्याच्या जागी. असंच काहीसं आत, सांध्यातही होत असावं. सोरायसिस असलेल्यांत हाडाला किंवा सांध्याला मार लागल्यानंतर हा संधिवात जास्त आढळतो, असं ब्रिटनमधल्या नोंदींत दिसलं आहे.

धूम्रपानाचं कोडं मात्र विचित्र आहे. सर्वसाधारण लोकांत सिगारेटने धोका वाढतो. पण फक्त सोरायसिसचे रुग्ण घेऊन मोजलं, तर कधीकधी उलट आकडे येतात. यावरून कोणी विडी पेटवू नये. सिगारेटने मुळात सोरायसिसचाच धोका वाढतो. त्यामुळे नुसते रुग्ण वेगळे काढून मोजले की हिशोब तिरका होतो, असं बऱ्याच संशोधकांचं मत आहे.

(सकाळ. काका पलंगाच्या कडेला बसलेत.)

त्वचारोगतज्ज्ञांकडे पाच साधे प्रश्न असतात. कधी सांधा सुजला होता का? डॉक्टरांनी संधिवात आहे असं कधी सांगितलं का? नखांना खड्डे आहेत का? टाच दुखते का? हाताचं किंवा पायाचं एखादं बोट, काही न होता, वेलची केळ्यासारखं सगळंच सुजलं होतं का? तीन उत्तरं 'हो' आली, तर संधिवाततज्ज्ञांकडे पाठवतात. तेही लवकर, कारण सहा महिने उशीर झाला तरी सांध्याची झीज जास्त झालेली दिसते.

नखाचा 'हो' काकांनी आत्ताच दिलाय. टाचेचं विचारलं, तर हसले. "ती तर रोजचीच. मशीनचं पायडल मारून."

(टाच जमिनीवर टेकते. ते थांबतात. भिंतीला हात लावून उभे राहतात.)