एका बोल्टाचा पत्ता

श्रोतेहो, नमस्कार.

अष्टकोनी चिन्ह आणि त्यात 'एम.जी.' ही दोन अक्षरं. आज ती तुम्हाला उंच, भल्याथोरल्या गाड्यांवर दिसतात. त्या गाड्या गुजरातेत हलोलला बनतात आणि नावाची मालकी चिनी कंपनीकडे आहे. मी ज्या एम.जी.बद्दल बोलणार आहे ती वेगळी. ठेंगणी, दोन माणसांपुरती, कापडी छपराची, लांब नाकाची. आणि खरं तर मी गाडीबद्दलही फारसं बोलणार नाही. त्या गाडीच्या मालकांनी इंग्लंडमध्ये एक क्लब काढला, त्या क्लबाबद्दल बोलणार आहे.

एम.जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डमधलं मोटारींच्या विक्रीचं आणि दुरुस्तीचं दुकान. १९२२ साली सेसिल किंबर तिथे व्यवस्थापक झाले. साध्या मॉरिस गाडीच्या सांगाड्यावर देखणी, चपळ अंगकाठी चढवायची आणि विकायची, हा त्यांचा उद्योग. पुढे १९२८ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात त्यांनी 'मिजेट' मांडली. ८४७ सीसीचं इवलंसं इंजिन, किंमत १७५ पौंड. तोवर स्पोर्ट्‌स कार म्हणजे जमीनदारांच्या पोरांचं काम होतं. आता नोकरदार तरुणही पैसे साठवून ती घेऊ लागला.

अशाच एका मालकाचं पत्र मोटारीच्या साप्ताहिकात छापून आलं: आपण सगळे एकत्र का येऊ नये? आणि १२ ऑक्टोबर १९३० रोजी स्टीव्हनेजजवळच्या 'रोबक इन' या खाणावळीत मिजेट घेऊन मंडळी जमली. तारीख पुन्हा सांगते, १२ ऑक्टोबर १९३०. त्या दिवशी एम.जी. कार क्लब सुरू झाला. चिटणीस कोण? जॉन थॉर्नली, वय वर्षं २१, हिशोबनिसाचं शिक्षण घेणारा मुलगा. एका वर्षाने कंपनीने त्यालाच नोकरीत घेतलं आणि १९५२ मध्ये तो एम.जी.चा जनरल मॅनेजर झाला. क्लबाचा चिटणीस कारखान्याचा प्रमुख झाला, अशी उदाहरणं मला तरी फार माहीत नाहीत.

इथे एक मनातलं बोलते. कुठलीही संस्था टिकते ती चिटणिसामुळे. अध्यक्षाच्या गळ्यात हार पडतो, पण वह्या कोण लिहितं, पत्रांना उत्तरं कोण देतं? आपल्याकडची किती तालीम मंडळं, किती वाचनालयं, त्यांचे जुने अहवाल रद्दीत गेले. आजीच्या लग्नाची पत्रिका आपण जपतो, आणि शंभर वर्षांच्या संस्थेची वही किलोवर विकतो. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. असो.

तर या क्लबाने वह्या जपल्या. गावोगावी केंद्रं उघडली. आणि प्रत्येक जातीच्या गाडीसाठी एक 'रजिस्टर' ठेवलं, म्हणजे त्या गाडीची पक्की माहिती असलेल्या सभासदांचा गट. टी.सी., टी.डी., टी.एफ. या गाड्यांचं 'टी रजिस्टर'. हे नाव लक्षात ठेवा, टी रजिस्टर. कारण आता मी तुम्हाला कोल्हापूरला नेणार आहे.

साल १९८३. आम्ही राजारामपुरीत राहायचो. शेजारी एक डॉक्टरकाका. त्यांच्याकडे हिरवी एम.जी. टी.डी. होती, मुंबईतल्या एका घरातून जुनी घेतलेली. दर रविवारी पहाटे काका-काकू त्या गाडीतून पन्हाळ्याला जायचे. परत येताना काकूंच्या केसांत धूळ आणि मांडीवर कणसांची पिशवी, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर गाडीखाली तेल साचायला लागलं. काकांनी दवाखान्यातला पांढरा इनॅमलचा ट्रे गाडीखाली सरकवला. सकाळपर्यंत त्यात वाटीभर तेल. मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री गाडीखाली गेले, मी बॅटरी धरून उकिडवी बसले. ऑइल चेंबरचे तीन बोल्ट गायब होते. थरथरून सैल होऊन कुठेतरी घाटात पडले असणार.

तीन बोल्ट! त्यात काय मोठं? मिस्त्रींनी राहिलेल्या बोल्टांतला एक काढला. व्हिटवर्थचा, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाचा पाना त्याच्या डोक्याला चपखल बसला. जाडी मोजली, इंचाच्या पाच-सोळांश. "झालं," मिस्त्री म्हणाले, "उद्या सकाळी बोल्ट आणतो, दुपारी गाडी घ्या."

दुसऱ्या दिवशी पाच-सोळांश व्हिटवर्थ बोल्ट आणला. एक फेरा बसला आणि अडला. मग बारीक आट्यांचा इंग्रजी बोल्ट. दोन फेरे, अडला. मग जीपचा अमेरिकन बोल्ट आणला, आणि तो आत जायला लागला. एक फेरा, दोन, तीन, चार. आम्ही श्वास रोखून बघतोय. पाचव्या फेऱ्याला तोही अडला.

घरात तुम्ही हे रोज बघता. एका बरणीचं झाकण दुसऱ्या बरणीला लावायला गेलं की दोन फेरे बसतं आणि मग अडतं. तोंड तेवढंच, आटे वेगळे. अगदी तसंच.

मिस्त्रींनी जोर लावला नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. पान्याला पाइप अडकवून बोल्ट आत घुसवणारे मी खूप पाहिलेत. त्यात इंजिनाचे आटे जातात, कायमचे. मिस्त्री शाळेत चौथीपर्यंत गेलेले, पण हात थांबवायचा कुठे हे त्यांना कळत होतं. हे शाळेत शिकवायला हवं असं माझं मत आहे, मुलांना आणि मुलींना सुद्धा. सातवी पास झालेल्या प्रत्येक मुलीला पाना धरता आला पाहिजे.

मग आम्ही बोल्ट घेऊन उद्यमनगरात गेलो. कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. ओतकामाच्या भट्ट्या, लेथ, उसाच्या रसाची गाडी, सगळं एका रांगेत. तिथले टर्नर मामा म्हणजे मिस्त्रींचे दोस्त. मामांनी बोल्टाला आट्यांचं गेज लावलं. गेज म्हणजे करवतीसारख्या दातांची पाती. इंचाला २४ आट्यांचं पातं लावलं की पहिले चार आटे बसल्यासारखे वाटायचे, आणि पुढे फटीतून उजेड दिसायचा. २६ चं पातं लावलं, तरी उजेड. मामांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मिस्त्री म्हणाले, "डॉक्टर, गाडी इंग्रजाची हाय. ह्यो बोल्ट कुणाचा हाय ते आता इंग्रजालाच इचारा."

मिस्त्री वैतागून बोलले होते, काकांनी मात्र ते मनावर घेतलं. क्लबाचा पत्ता त्यांच्याकडे एका जुन्या मासिकात होता. मी नुकतीच इंग्रजी टायपिंगची चाळीसची परीक्षा दिली होती, म्हणून पत्र मी टाइप केलं. टी रजिस्टरच्या नावाने. निळं एरोग्राम, त्यात मावेल तेवढंच लिहायचं. गाडीचा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक, कुठले बोल्ट, कुठले लावून पाहिले, कितव्या फेऱ्याला अडले. काका म्हणाले, "फेरे सुद्धा लिही. पेशंटने लक्षणं नीट सांगितली तरच औषध नीट मिळतं."

महिन्याभराने उत्तर आलं. हाताने लिहिलेलं, दोन पानं, सोबत बोल्टाची पेन्सिलीने काढलेली आकृती. लिहिणारे गृहस्थ काकांच्या ओळखीचे नव्हते, काका तेव्हा क्लबाचे सभासदही नव्हते. आणि त्या पत्रात काय होतं? बोल्ट इंग्रजी नाहीच. बोल्ट फ्रेंच आहे!

पुन्हा सांगते. गाडी इंग्रज, पाना इंग्रज, बोल्टाचं डोकं इंग्रज, आणि आटे फ्रेंच.

झालं होतं असं. पहिल्या महायुद्धात हॉचकिस या फ्रेंच शस्त्रांच्या कंपनीने इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला कारखाना काढला. यंत्रं सगळी फ्रान्सच्या मापाची, मिलिमीटरची. युद्ध संपलं, बंदुकांना गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा तो कारखाना मॉरिस गाड्यांची इंजिनं बनवू लागला. १९२३ मध्ये त्या गाड्यांच्या कंपनीचे मालक मॉरिस यांनी तो विकतच घेतला. यंत्रं बदलणं परवडणारं नव्हतं, म्हणून आटे मिलिमीटरचेच राहिले. पण इंग्लंडभरच्या मिस्त्रींकडे पाने व्हिटवर्थचे, म्हणून बोल्टाची डोकी तेवढी व्हिटवर्थची ठेवली. तीच पद्धत टी.डी.च्या १२५० सीसीच्या इंजिनात आली. जाडी आठ मिलिमीटर, म्हणजे पाच-सोळांश इंचाच्या इतकी जवळ की साध्या मापाला फरक कळू नये. आणि दोन आट्यांमधलं अंतर एक मिलिमीटर. आपल्या बाजारात आठ मिलिमीटरचा बोल्ट मिळतो त्यात हे अंतर सव्वा मिलिमीटर असतं. म्हणजे तोही लागला नसता.

पत्र घेऊन आम्ही पळत उद्यमनगरात. मामांनी ऐकून घेतलं. त्यांची लेथ इंची. इंची लेथवर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर १२७ दातांचा गिअर लागतो. का? तर पाच इंच म्हणजे बरोबर १२७ मिलिमीटर. मामांनी कोपऱ्यातला लाकडी खोका उपसला, तळातून तेलकट गोणपाटात गुंडाळलेला तो गिअर काढला आणि म्हणाले, "वडलांनी घेऊन ठेवल्याला. आज पयल्यांदा लावतोय."

पहिला बोल्ट कापून झाला तेव्हा दिवेलागण झाली होती. मिस्त्री गाडीखाली, मी बॅटरी धरून. एक फेरा, चार, पाच. पाचव्याला थांबलाच नाही. मिस्त्रींनी तो शेवटपर्यंत नुसत्या बोटांनी फिरवत नेला, पाना लावला तो अगदी शेवटच्या पाव फेऱ्याला. त्या रात्री ट्रे कोरडा राहिला.

काकांनी मामांकडून तीनाऐवजी दोन डझन बोल्ट करून घेतले. सहा ठेवले, अठरा इंग्लंडला टी रजिस्टरला पाठवले. सोबत पत्र, तेही मीच टाइप केलेलं: तुम्ही माहिती दिलीत, हे तिचं फळ.

वेळ थोडा उरला आहे, म्हणून बाकीचं भराभर सांगते. आमचं पत्र गेलं तेव्हा या गाड्या बनवणारा कारखाना अस्तित्वातच नव्हता. ॲबिंग्डन गावात १९२९ पासून एम.जी. बनत. १९७९ च्या सप्टेंबरात गावाने त्या ५० वर्षांचा सोहळा केला आणि लगेच कंपनीने कारखाना बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. गाडीमालकांनी लंडनमध्ये गाड्यांचा मोर्चा काढला. उपयोग झाला नाही. १९८० च्या ऑक्टोबरात कारखाना बंद पडला. कारखाना बंद पडला, क्लब चालू राहिला. त्याआधीच, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, कंपनीने क्लबाचा आधार काढून घेतला होता, त्यामुळे स्वतःच्या पायावर उभं राहायला क्लब तेव्हाच शिकला होता. १९७३ मध्ये एम.जी. ओनर्स क्लब हा दुसरा क्लबही निघाला होता, तोही मोठा झाला. पाच लाखांहून जास्त बनलेल्या एम.जी.बी. या गाडीच्या पत्र्याचे साचे पुढे शोधून गोळा केले गेले, आणि १९८८ पासून तिचा आख्खा नवा सांगाडा पुन्हा मिळू लागला. मूळ कारखाना नाही, पण भाग नवा मिळतो. हे कशाने घडलं? गाड्या चालत्या ठेवणारे, भागांना मागणी करणारे हजारो मालक शिल्लक होते म्हणून. क्लबाची कचेरी आजही ॲबिंग्डनलाच आहे, जुन्या कारखान्याच्या शेजारी, आणि तिचं नाव 'किंबर हाउस'.

आपल्या मुंबईतही जुन्या गाड्यांचा क्लब आहे, त्यांची रॅली निघते. बघायला जाल तेव्हा चकाकणाऱ्या बॉनेटपुढे फोटो जरूर काढा. पण त्या गाडीच्या मिस्त्रीला शोधा आणि त्याच्याशी पाच मिनिटं बोला. त्याला सांगण्यासारखं खूप असतं.

डॉक्टरकाकांना इंग्लंडहून दुसरं पत्र आलं ते पुढच्या उन्हाळ्यात. त्या गृहस्थांनी कळवलं होतं की अठरातले चौदा बोल्ट सभासदांना वाटले आणि चार स्वतःच्या टी.डी.च्या चेंबरला लावले. त्या बोल्टांवर ते एका रविवारी ॲबिंग्डनला जाऊन आले, बंद कारखान्याच्या दारावरून. तेल एक थेंबही गळलं नाही, असं लिहून त्यांनी खाली विचारलं होतं, कोल्हापूरच्या त्या टर्नरचं नाव काय?

काकांनी मला पुन्हा टाइपरायटरवर बसवलं. मामांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, मी त्या एरोग्रामवर टाइप केलं.