गालगुंड: शाळेत कधी पाठवायचं?

श्रोतेहो, नमस्कार.

सकाळी उठल्यावर मूल म्हणतं, कानाखाली दुखतंय. दुपारपर्यंत गाल असा सुजतो की जबड्याचा कोपरा दिसेनासा होतो, कानाची पाळी वर उचललेली दिसते. हे गालगुंड. मग घरात पहिला प्रश्न निघतो, शाळेत कधी पाठवायचं?

सूज आल्यापासून 5 दिवस घरीच ठेवायचं. पूर्वी 9 दिवस सांगत, म्हणून आजी वेगळा आकडा सांगेल. सूज दिसली तो दिवस मोजायचा नाही. सोमवारी गाल सुजला, तर मंगळवार पहिला आणि शनिवार पाचवा. दोन दिवसांनी दुसरा गालही सुजला, तरी मोजणी पहिल्या सुजेपासूनच. सूज पूर्ण उतरायला 10 दिवसही लागतात, पण मूल हसतंखेळतं असेल तर तोवर शाळा बुडवायचं कारण नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. सूज येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच हा आजार लाळेतून, खोकल्या-शिंकेतून पसरत असतो. तेव्हा भावंडांना लागण झाली असेल, तर त्यांचे गाल साधारण 16 ते 18 दिवसांनी सुजतात, क्वचित 25 दिवसांनीही. तेवढे दिवस त्यांच्यावर लक्ष ठेवा. पेला, चमचा, टॉवेल वेगळा ठेवाच.

आता जेवणाचं. आंबट तोंडात गेलं की लाळ सुटते आणि सुजलेल्या ग्रंथीत कळ येते. म्हणून लिंबू, चिंच, लोणचं, संत्र्याचा रस बंद. मऊ वरणभात, पेज, रव्याची खीर द्या, चावायला लागणार नाही असं. पाणी घोट-घोट, पण वरचेवर. ताप आणि दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. मुलांना ॲस्पिरिन अजिबात नको. हा विषाणूचा आजार, अँटिबायोटिकने जात नाही. गालाला गार किंवा कोमट कापडाचा शेक द्या, मुलाला बरं वाटेल तो.

लसीकरणाचं कार्ड काढून बघा. सरकारी केंद्रात मिळणारी एमआर लस गोवर आणि रुबेलाची आहे. गालगुंडाचं संरक्षण एमएमआरमध्ये असतं. ती राहिली असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारा.

मान ताठ होणं, खूप डोकं दुखणं, सारख्या उलट्या, पोटात जोराची कळ, वयात आलेल्या मुलाच्या वृषणाला सूज, यांपैकी काहीही झालं तर थेट दवाखाना गाठा. वयात आलेली मुलं हे लाजून लपवतात, तुम्हीच विचारा. आणि ऐकण्याकडे लक्ष द्या. गालगुंडात क्वचित एका कानाचं ऐकू येणं अचानक कमी होतं, आणि लहान मूल ते सांगत नाही. पाठीमागून हळू हाक मारा, एकदा डाव्या बाजूनं, एकदा उजव्या. एका बाजूला ओ आली नाही, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.