लशीचा त्रास, भरपाई आणि तडजोड: समोरचा पैसे देतोय, सही करू का?

नमस्कार मंडळी. बाहेरून खडखड ऐकू येत असेल तर सिंहस्थाची कामं चालू आहेत, आमच्या गल्लीतला रस्ता परत उकरलाय, खिडकी लावली तरी आवाज येतोच, तेवढं सांभाळून घ्या.

तर आजचा विषय तुमच्या कमेंट्समधूनच आलाय. ग्राहक आयोगावरच्या माझ्या आधीच्या व्हिडिओखाली निम्म्या लोकांनी एकच विचारलंय, ताई, लस दिल्यावर बाळाला त्रास झाला, क्लिनिकवाले म्हणतात बिल आम्ही भरतो, कागदावर सही करा, करू का? आणि उरलेले निम्मे एक फॉरवर्ड टाकतायत, की अमेरिकेत सरकारने लशीच्या नुकसानीचे पैसे दिले म्हणजे लस वाईट हे सिद्ध झालं. या दोन्हींचं उत्तर एकच आहे, म्हणून एकच व्हिडिओ.

बेसिक गोष्टी पटापट सांगते, त्या तुम्हाला माहीतच असतात. लसीकरणाचं कार्ड जपून ठेवा. त्याच्यावर बॅच नंबर लिहिलाय का बघा, बऱ्याचदा तो रकाना कोराच असतो, नुसती टिकमार्क आणि तारीख. नसेल तर त्याच दिवशी लिहून मागा. केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, बिलं, सुजेचे रोजचे फोटो. दवाखान्याकडे रेकॉर्ड लेखी मागितलं तर ७२ तासांत द्यावं लागतं, तसा नियम आहे डॉक्टरांना. आणि त्रास झाला हे कळवा, आशाताईला कळवा, आरोग्य केंद्रात कळवा, महापालिका हद्दीत असाल तर तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला, नाहीच कोणी ऐकलं तर १८००-१८०-३०२४ ही टोल फ्री लाइन आहे, औषधांच्या दुष्परिणामांसाठीची. गंभीर प्रकार असेल, म्हणजे ॲडमिट करावं लागलं, अपंगत्व आलं, मृत्यू झाला, तर जिल्ह्याची समिती तपास करते आणि पुढे राज्याची, केंद्राची समिती ठरवते की याचा लशीशी संबंध आहे का. तो अहवाल मागून घ्या, नाही दिला तर माहिती अधिकारात अर्ज टाका.

त्या अहवालात एक अक्षर असतं, ते वाचायला शिका. ए१ म्हणजे लशीच्या स्वतःच्या गुणधर्मामुळे झालं. ए२ म्हणजे लस बनवतानाच दोष राहिला. ए३ म्हणजे द्यायच्या पद्धतीत चूक. ए४ म्हणजे सुईच्या भीतीने चक्कर वगैरे. बी म्हणजे नक्की सांगता येत नाही, सी म्हणजे योगायोग, दुसरंच काहीतरी कारण, आणि माहितीच अपुरी असेल तर डी. आता हे महत्त्वाचं का, तर पैसे कोणाकडे मागायचे ते यावरून ठरतं. ए२ असेल तर कंपनी, ए३ असेल तर ज्याने टोचलं तो. गोवर-रुबेलाची बाटली एकदा पाणी घालून तयार केली की ४ तासांत वापरायची, उरली तर टाकून द्यायची, म्हणून सिस्टर बाटलीवर वेळ लिहितात. ती वेळ कोणी पाळली नाही आणि बाळाला संसर्ग झाला, तर त्यात कंपनीचा काय दोष? पण लोक येतात आणि म्हणतात मॅडम, कंपनीला नोटीस काढा, मोठी पार्टी आहे. अहो पार्टी मोठी असून काय उपयोग, चूक तिची नसेल तर?

अजून एक, फुकट आणि विकतचा फरक. सरकारी केंद्रात सगळ्यांना मोफत लस देतात तिथे तुम्ही ग्राहक नाही, सुप्रीम कोर्टाच्या १९९५ च्या निकालापासून हे ठरलेलं आहे. तिथे दिवाणी कोर्ट, आणि सरकारवर दावा म्हणजे आधी दोन महिन्यांची नोटीस. खाजगी क्लिनिकमध्ये पैसे देऊन घेतली तर जिल्हा ग्राहक आयोग, तक्रार इथे नाशकातच करता येते, तुम्ही इथे राहता म्हणून, कंपनी पुण्याची असो की हैदराबादची. मुदत दोन वर्षं. आणि हो, बोलणी चालू आहेत म्हणून ही मुदत थांबत नाही! समोरचा चहा पाजून पाजून, पुढच्या महिन्यात बघू, पुढच्या महिन्यात बघू करत दोन वर्षं काढतो आणि मग फोन उचलत नाही. बोलणी करायचीत तर तक्रार दाखल करून करा.

कोविडच्या लशीबद्दल विचारणाऱ्यांसाठी, २०२२ मध्ये केंद्र सरकारने सुप्रीम कोर्टात प्रतिज्ञापत्र देऊन सांगितलं होतं की भरपाईची जबाबदारी आमच्यावर येत नाही, ज्याला मागायचीय त्याने दिवाणी कोर्टात जावं. त्याचं पुढे काय काय झालं तो स्वतंत्र व्हिडिओ होईल, इथे घुसडत नाही. आणि ज्यांना औषधाच्या किंवा लशीच्या चाचणीत त्रास झाला त्यांचा कायदाच वेगळा आहे, २०१९ चे नियम आहेत, त्यात भरपाईची पद्धत ठरवून दिलीय.

आता मुद्द्यावर येते. तडजोड.

ते अमेरिकेचं फॉरवर्ड. तिथे १९८६ साली कायदा झाला आणि १९८८ पासून एक फंड चालतो. लशीच्या प्रत्येक डोसवर, त्यातल्या प्रत्येक आजारामागे ७५ सेंट कर बसतो, तो या फंडात जातो. म्हणजे गोवर, गालगुंड, रुबेला अशी तिहेरी लस असेल तर सव्वादोन डॉलर. त्रास झालेला माणूस कंपनीवर नाही, सरकारच्या आरोग्य खात्याच्या विरोधात अर्ज करतो आणि भरपाई फंडातून निघते, वकिलाची फी सुद्धा वेगळी मिळते (हे ऐकून आमच्या वकिलांच्या बाररूममध्ये दोन मिनिटं शांतता होती). कुठल्या लशीनंतर किती वेळात कुठला त्रास झाला तर तो लशीचाच धरायचा याचा एक तक्ताच आहे त्यांच्याकडे, सुई चुकीच्या जागी बसल्याने खांद्याला होणारी इजा २०१७ मध्ये त्यात आली. म्हणजे लशीने कधीच कोणाला काही होत नाही असं तिथलं सरकार सुद्धा म्हणत नाही. पण दिल्या जाणाऱ्या भरपाईपैकी साधारण ६० टक्के भरपाई तडजोडीतून जाते, आणि तिथलं आरोग्य खातं स्वतः लिहितं की या प्रकरणांत लशीमुळेच त्रास झाला असा निष्कर्ष आम्ही काढलेला नाही. मग पैसे का दिले? तर वेळ वाचतो, खर्च वाचतो, हरायचा धोका दोघांचाही टळतो.

"ताई, काही केलंच नाही तर पैसे कोण देतं?" ही कमेंट मी आता पाठ म्हणू शकते. अहो, लिफ्टमध्ये भांडण नको म्हणून आपण सोसायटीत न केलेल्या डागाचे रंगवायचे पैसे देतो की नाही? दिले म्हणजे डाग आपला होतो का? आणि नाही दिले म्हणजे नव्हताच असंही नाही. पैशाची पावती म्हणजे तपासाचा अहवाल नव्हे. अहवाल हवा तर तो ए, बी, सी वाला वाचा.

आता हेच डॉक्टरच्या बाजूने बघा. बहुतेक डॉक्टरांचा इन्शुरन्स असतो, प्रोफेशनल इंडेम्निटी म्हणतात त्याला. त्या पॉलिसीत साधारण अट असते की इन्शुरन्स कंपनीच्या परवानगीशिवाय चूक कबूल करायची नाही आणि पैशाचं वचन द्यायचं नाही. म्हणजे डॉक्टरने भावनेच्या भरात "माझं चुकलं" असं लिहून दिलं की इन्शुरन्सवाला हात वर करायला मोकळा. मग पैसे कुठून येणार? म्हणून तडजोडीच्या कागदावर ते वाक्य येतंच येतं, की सदर रक्कम कोणतीही जबाबदारी मान्य न करता देण्यात येत आहे. त्या वाक्यावर चिडू नका. त्याऐवजी हे विचारा की इन्शुरन्सची लेखी संमती आली का, आणि चेक कोणाच्या खात्यातून येणार.

एक प्रकरण सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. खाजगी क्लिनिक, नाव नाही सांगणार, विचारू नका. दीड महिन्याच्या बाळाला मांडीत लस दिली, तिथे गळू झालं, पू काढायला ॲडमिट. क्लिनिक बिल आणि वर काही रक्कम द्यायला तयार झालं. सगळं ठरलं, टाइप झालं आणि आजोबांनी ते वाक्य वाचलं. सिन्नरकडचे शेतकरी, पांढरी टोपी, चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्याजवळ धरून एकेक शब्द वाचत होते. "मान्य न करता म्हणजे? मंग आमी भिकारी हाये का?" कागद टेबलावर ठेवला आणि उठले. बाळाची आई रडायला लागली, कारण तिला घरी जायचं होतं, पोराला दूध पाजायचं होतं. मग मध्यस्थाने काय केलं, डॉक्टरला आणि आजोबांना शेजारच्या खोलीत बसवलं, बाकी कोणी नाही. मध्यस्थीत बोललेलं पुरावा म्हणून वापरता येत नाही, त्यामुळे तिथे माणूस मोकळं बोलू शकतो. काय बोलले मला माहीत नाही. बाहेर आल्यावर आजोबा म्हणाले, "करा सही." ते वाक्य तसंच्या तसं राहिलं कागदावर.

तर "मान्य न करता" हे वाक्य निरुपद्रवी आहे. ज्याला घाबरायचं ते वाक्य त्याच्या खाली असतं आणि ते कोणी वाचत नाही! "सदर बाबत आज रोजी व भविष्यात आमची कोणतीही तक्रार अगर मागणी राहणार नाही." हे. भविष्यात. दीड महिन्याच्या बाळाचं भविष्य केवढं असतं सांगा? गळू आज बरं झालं, उद्या पाय टाकताना लंगडलं तर? परत ऑपरेशन लागलं तर? म्हणून सही करायच्या आधी डॉक्टरकडून, म्हणजे दुसऱ्या डॉक्टरकडून, लेखी घ्या की पुढे काय लागू शकतं आणि खर्च किती येईल. तो आकडा रकमेत धरा, किंवा पुढच्या उपचाराचा खर्च वेगळा देण्याचं कलम टाका. मोठ्या माणसाच्या बाबतीत पण तेच. हात लुळा पडला आणि फिजिओ चालू आहे, सुधारणा किती होणार ते डॉक्टरलाच माहीत नाही, तर एवढ्यात फायनल कशाला करता?

आणि मूल असेल तर अजून एक गंमत, म्हणजे गंमत नाही, कटकट. दिवाणी कोर्टात दावा चालू असताना अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलाच्या वतीने, ते आम्ही लिहितो ना, "अज्ञान तर्फे अ.पा.क. (म्हणजे अज्ञान पालनकर्ती) आई", अशी तडजोड करायची तर कोर्टाची परवानगी लागते. परवानगी न घेता केली तर मुलगा पुढे ती झुगारू शकतो. लोकांना वाटतं कोर्ट उगाच अडवतंय. कोर्ट बघतं की रक्कम मुलाच्या भल्याची आहे का, आणि बऱ्याचदा पैसे मुलाच्या नावाने बँकेत ठेव म्हणून टाकायला सांगतं, सज्ञान होईपर्यंत. यावर एका बापाने मला सुनावलं होतं की मॅडम, मला ट्रॅक्टरचा हप्ता भरायचाय. हप्ता तुमचा आहे हो, पाय त्याचा आहे.

मग सही कुठे करायची? इथे सीबीएस बसस्टँडजवळ कोर्टाबाहेर ५०० चा स्टॅम्प घेऊन, दोन साक्षीदार पकडून नाही. समोरच्याने पैसे दिले नाहीत तर त्या स्टॅम्पपेपरवर परत नवीन दावा लावत बसाल. आयोगात तक्रार चालू असेल तर मध्यस्थी मागा, तडजोड झाली की आयोग त्याप्रमाणे आदेश करतो, पैसे बुडवले तर त्याच आदेशाची वसुली लावता येते. दिवाणी दाव्यात तडजोड पुरशिस, म्हणजे तडजोड झाल्याचं कोर्टाला लेखी निवेदन द्या, दोन्ही बाजूंच्या सह्यांचं. काहीच दाखल नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, दाखलपूर्व प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं, तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो. फक्त त्यावर अपील नाही, त्यामुळे परत तेच, वाचून सही. बायका आणि मुलांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत.

कलमं बघताना: रक्कम किती, तारीख कोणती, उशीर झाला तर व्याज किती. पैसे खात्यात आल्यावर तक्रार मागे घ्यायची, आधी नाही. आणि कोणी लिहून घेत असेल की तुम्ही हा त्रास सरकारी यंत्रणेला कळवणार नाही, तर ते कलम आधी काढायला लावा. चार लोकांत बोलू नका म्हणाले तर ठीक, पण त्याच बॅचने उद्या दुसऱ्या बाळाला त्रास झाला तर यंत्रणेला कळायला नको?

मागच्या व्हिडिओखाली एकाने लिहिलंय मी लस कंपनीच्या पगारावर आहे आणि त्याच्याच खाली दुसऱ्याने लिहिलंय मी लशीविरुद्ध लोकांना भडकवते. तुम्ही दोघं आपसात बोलून घ्या. माझ्या भाचीच्या सगळ्या लशी वेळेवर झाल्यात, पेनाने लिहिलेल्या बॅच नंबरसकट, कारण मी तिथे उभी राहून लिहून घेतल्यात, सिस्टर वैतागली होती.

नंबर मागू नका, वकिलाला जाहिरात करता येत नाही, बार कौन्सिलचा नियम आहे. आणि कृपा करून बाळाचे रिपोर्ट, फोटो, आधार कार्ड कमेंटमध्ये टाकू नका, तिघांनी टाकलेत, मी काढलेत. प्रश्न विचारताना एवढंच लिहा: लस सरकारी की खाजगी, तारीख कोणती, आणि अहवालात अक्षर कुठलं आलंय.