तोडणाऱ्या किरणांकडून जोडण्याचे काम

समुद्रशैवालापासून मिळणाऱ्या अल्जिनेटचे चांगले दाट द्रावण घेऊन त्यावर कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांचा मारा केला, तर काही वेळाने ते पातळ होऊन जाते. कोळंबीच्या टरफलांपासून मिळणाऱ्या कायटोसानचे तसेच होते, पेक्टिनचे तसेच होते आणि कोरड्या सेल्युलोजचे धागेही किरणांची पुरेशी मात्रा मिळाली की ठिसूळ होतात. वनस्पती आणि प्राणी यांच्याकडून मिळणाऱ्या बहुशर्करांवर, म्हणजे साखरेच्या कड्यांनी बनलेल्या लांब साखळ्यांवर, प्रारणाचा स्वाभाविक परिणाम असा तोडफोडीचा आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र नेमका याच्या उलट आहे: याच किरणांच्या साहाय्याने याच पदार्थांपासून जेल, जखमपट्ट्या, शोषक द्रव्ये आणि टिकाऊ प्लॅस्टिके कशी तयार केली जातात, हे आपल्याला पाहायचे आहे. माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. या क्षेत्रातले कौशल्य किरणांमध्ये फारसे नाही. किरण देण्यापूर्वी पदार्थ कोणत्या अवस्थेत ठेवला आहे, त्यात ते आहे.

साधनांविषयी थोडक्यात बोलतो. उद्योगात मुख्यतः दोन प्रकारचे स्रोत वापरले जातात: कोबाल्ट-६० आणि इलेक्ट्रॉन त्वरक. कोबाल्ट-६० मधून १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे गॅमा किरण निघतात आणि त्याचे अर्धायुष्य ५.२७ वर्षे असते, त्यामुळे स्रोतात वेळोवेळी नव्या कोबाल्टची भर घालावी लागते. त्वरक विजेवर चालतो आणि बटण बंद केले की त्यातले प्रारणही थांबते. गॅमा किरण पदार्थात खोलवर शिरतात, पण मात्रा पूर्ण व्हायला तास लागतात. इलेक्ट्रॉन झोत तीच मात्रा काही सेकंदांत देतो, परंतु १० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचे इलेक्ट्रॉनसुद्धा पाण्यात सुमारे ५ सेंटिमीटरच्या पलीकडे जात नाहीत. श्रोत्यांकडून हमखास येणारा प्रश्न असा, की असे जेल स्वतः किरणोत्सर्गी होते का. होत नाही. कोबाल्टच्या गॅमा किरणांची ऊर्जा या पदार्थांतल्या कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजन यांच्या अणुकेंद्रात बदल घडवण्याइतकी नसते, आणि त्वरकाची ऊर्जा याच कारणासाठी मर्यादेत ठेवली जाते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. एक ग्रे म्हणजे एक किलोग्रॅम पदार्थात शोषली गेलेली एक ज्यूल ऊर्जा. वैद्यकीय वस्तूंच्या निर्जंतुकीकरणासाठी सर्वत्र रूढ असलेली मात्रा २५ किलोग्रे आहे, आणि जेलही बहुधा याच्याच आसपासच्या मात्रेवर बनवले जातात. या २५ किलोग्रेंची सगळी ऊर्जा उष्णतेत बदलली, तरी पाण्याचे तापमान जेमतेम ६ अंश सेल्सिअसने वाढेल. म्हणजे हे काम उष्णतेचे नाही, आणि उष्णतेने बिघडणाऱ्या जैविक पदार्थांसाठी ही मोठीच सोय आहे. असे जेल बनवताना साखळ्या बांधणारे वेगळे जोडरसायन किंवा उत्प्रेरक घालावा लागत नाही, त्यामुळे त्यांचे विषारी अवशेष धुऊन काढण्याचा प्रश्नही उरत नाही.

मग काम करते कोण? हायड्रोजेलमध्ये, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या साखळ्यांच्या जाळ्यात, बहुतांश भाग पाण्याचा असतो, त्यामुळे किरणांची बहुतांश ऊर्जाही पाण्यातच जिरते. पाण्याचे रेणू फुटून हायड्रॉक्सिल मूलक, जलयोजित (पाण्याच्या रेणूंनी वेढलेले) इलेक्ट्रॉन आणि थोडे हायड्रोजन अणू तयार होतात. हायड्रॉक्सिल मूलक अत्यंत क्रियाशील असतो. शेजारच्या बहुशर्करेच्या साखळीतला एक हायड्रोजन तो हिसकावून घेतो आणि साखळीवर एक मोकळी जागा, म्हणजे मुक्त मूलक, मागे ठेवतो. पुढची सगळी कथा ही मोकळी जागा कुठे पडली आणि तिला वेळेवर जोडीदार मिळाला का, यावर ठरते. साखरेच्या दोन कड्यांमधल्या जोडाजवळच्या कार्बनवर ती पडली, तर रेणूची अंतर्गत पुनर्रचना होऊन तो जोड तुटतो. ती बाजूच्या शाखेवर पडली आणि तेवढ्यात दुसऱ्या साखळीवरची तशीच मोकळी जागा जवळ आली, तर दोन साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात. विरघळलेला ऑक्सिजन मध्ये आला, तर तो मूलकाशी संयोग पावून पेरॉक्सिल मूलक बनवतो आणि पारडे पुन्हा तुटण्याकडे झुकते. म्हणूनच द्रावणातली हवा काढून टाकतात किंवा त्यातून नायट्रस ऑक्साइड वायू सोडतात. हा वायू जलयोजित इलेक्ट्रॉनांचेही हायड्रॉक्सिल मूलकांत रूपांतर करतो, त्यामुळे कामाच्या मूलकांची संख्या जवळजवळ दुप्पट होते.

या समजुतीचे सर्वांत सुंदर उदाहरण कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजचे आहे. हा सेल्युलोजपासून बनणारा, पाण्यात विरघळणारा पदार्थ आइस्क्रीमपासून टूथपेस्टपर्यंत सगळीकडे दाटपणासाठी वापरला जातो, आणि प्रारणाने तो फक्त तुटतो असेच पुष्कळ वर्षे धरून चालले होते. जपानमधील ताकासाकी येथील संशोधकांनी २००० सालच्या सुमारास दाखवून दिले, की ही समजूत पातळ द्रावणांपुरतीच खरी आहे. विद्राव्याचे प्रमाण ५ टक्क्यांखाली असताना साखळ्या तुटतात. मात्र साधारण १० टक्क्यांच्या पुढे, विशेषतः २० ते ५० टक्क्यांच्या घट्ट लगद्यात, त्याच मात्रेने त्याच पदार्थाचे जाळे बनते. पातळ द्रावणात ऋणभारित साखळ्या एकमेकींना दूर ढकलतात, त्यामुळे मूलकाला जोडीदार मिळत नाही. पूर्ण कोरड्या भुकटीत साखळ्या जवळ असतात, परंतु त्या हलू शकत नाहीत आणि मूलक तयार करणारे पाणीही तिथे नसते. या दोन टोकांच्या मधल्या चिकट अवस्थेत मात्र पाणी पुरेसे असते आणि साखळ्याही एकमेकींना भेटू शकतात. शिवाय कार्बोक्सिमिथाइल शाखेच्या कार्बनवर तयार होणारा मूलक तुलनेने दीर्घायुषी असतो आणि तो मुख्य साखळी तोडत नाही. म्हणून या शाखांचे प्रमाण जितके जास्त, तितके जेल चांगले जमते. पुढे कार्बोक्सिमिथाइल स्टार्च आणि कार्बोक्सिमिथाइल कायटोसान यांच्याबाबतीतही हाच अनुभव आला.

प्रयोगशाळेत हे काम दिसायला फारच साधे असते. भुकटी आणि पाणी कणीक मळावी तसे मळून लगदा करतात आणि पाणी सगळीकडे सारखे मुरावे म्हणून तो काही काळ झाकून ठेवतात. नंतर तो दाबून पातळ चादर करतात, प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करतात आणि किरणांखाली नेतात. हवेचे बुडबुडे आधी काढलेले असले, तरी पाण्याच्या विघटनातून हायड्रोजन वायू निघतो आणि घट्ट लगद्यात तो अडकून बसतो, त्यामुळे जाड तुकड्यांत नवे बुडबुडे दिसतात. त्यानंतर परीक्षा येते. वाळवून वजन केलेला तुकडा पोलादी जाळीच्या पिशवीत घालून एक-दोन दिवस पाण्यात ठेवायचा. जे जाळ्यात बांधले गेलेले नाही ते विरघळून निघून जाते. उरलेला भाग पुन्हा वाळवून तोलला, की मूळ वजनाच्या किती टक्के पदार्थ जेल झाला हे कळते. बहुशर्करांच्या बाबतीत हा आकडा १०० च्या जवळ क्वचितच जातो, कारण जोडणे चालू असताना तुटणेही चालूच असते.

या दोन्ही क्रियांचा हिशेब मांडण्याची पद्धत आर्थर चार्ल्सबी यांच्या कामातून आली. त्यांनी १९५२ मध्ये इंग्लंडमधील हार्वेल येथे अणुभट्टीतील प्रारणाने पॉलिइथिलीनचे जाळे बनते हे दाखवले, आणि १९५९ मध्ये पिनर यांच्यासह जाळ्यात न बांधला गेलेला विद्राव्य भाग आणि मात्रा यांचा संबंध सांगणारे समीकरण दिले. त्यातून निघणारा एक निष्कर्ष मला आजही मोलाचा वाटतो: एका जोडणीमागे चारपेक्षा कमी तुटी होत असतील, तर तत्त्वतः जाळे तयार होऊ शकते. म्हणजे तुटण्याची क्रिया जोडण्यापेक्षा अधिक वेगाने चालली असली, तरी जेल मिळण्याची शक्यता संपत नाही.

उपयोगांमध्ये सर्वांत स्थिरावलेला उपयोग जखमपट्टीचा आहे. पोलंडमधील वूच येथे यानुश रोशियाक यांनी विकसित केलेली पद्धत त्याचा नमुना मानली जाते. पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन, थोडे पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि थोडे अगर (समुद्रशैवालापासून मिळणारी, थंड होताच गोठणारी बहुशर्करा) गरम पाण्यात विरघळवून ते मिश्रण साच्यात ओततात. थंड होताच अगरमुळे ते गोठते आणि आकार धरते. मग साचा कायमचा मोहोरबंद करून त्याला सुमारे २५ किलोग्रे मात्रा देतात. एकाच फेरीत जाळे बनते आणि वस्तू निर्जंतुक होते. वेष्टन पुन्हा उघडण्याची गरज पडत नाही. तयार पट्टीत ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असते, ती भाजलेल्या जागेला थंडावा देते, पारदर्शक असल्याने खालची जखम दिसते आणि काढताना चिकटत नाही. मात्र येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. अशा पट्ट्यांची जाहिरात नैसर्गिक पदार्थांच्या नावावर होत असली, तरी जाळे विणण्याचे काम पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन हा कृत्रिम पॉलिमर करतो. अगर किरण मिळेपर्यंत आकार सांभाळतो आणि किरणांत स्वतः काहीसा तुटतो. यात वाईट काही नाही, पण श्रेय ज्याचे त्याला द्यावे.

तुटण्याचाही उपयोग होतो. कायटोसान आणि अल्जिनेट यांच्या लांब साखळ्या प्रारणाने आखूड केल्या, की मिळणारे तुकडे वनस्पतींची वाढ आणि रोगप्रतिकार यांना चालना देतात, आणि आग्नेय आशियात हा वापर शेतापर्यंत पोहोचला आहे. कसाव्याच्या स्टार्चवर ॲक्रिलिक आम्लाच्या शाखा रोवून पाणी धरून ठेवणारी शोषक द्रव्ये बनवली जातात. अगदी विरळ द्रावणात इलेक्ट्रॉनांचे जोरदार स्पंद दिले, तर एकाच साखळीवर एकदम अनेक मूलक तयार होतात, ती स्वतःलाच ठिकठिकाणी बांधून घेते आणि नॅनोजेल मिळते. औषधे वाहून नेण्यासाठी त्याचा अभ्यास चालू आहे. पाण्यातला जलयोजित इलेक्ट्रॉन चांदीच्या आयनांचे धातूत रूपांतर करतो, म्हणून जेलमध्येच चांदीचे सूक्ष्मकण घडवून जंतुरोधक पट्टी करता येते. आणि जिथे पाणीच नाही तिथेही मार्ग आहे: मक्यासारख्या पिकांतल्या शर्करेपासून मिळणारे पॉलिलॅक्टिक आम्ल साधारण ६० अंशांवर मऊ पडते, परंतु त्यात ३ टक्के ट्रायअलाइल आयसोसायन्युरेट हे जोडरसायन मिसळून ५० किलोग्रेच्या आसपास मात्रा दिली, की त्या तापमानाच्या वरही ते आकार सोडत नाही.

खरी अडचण प्रयोगशाळेबाहेर सुरू होते. समुद्रशैवाल असो, लाकूड असो वा कोळंबीची टरफले असोत, नैसर्गिक मालाची साखळी प्रत्येक खेपेला सारख्या लांबीची नसते, आणि साखळी जितकी आखूड तितकी जाळे बनण्यासाठी लागणारी मात्रा जास्त असते. म्हणून प्रत्येक खेपेच्या थोड्या मालावर वेगवेगळ्या मात्रा देऊन वर सांगितलेली तोलण्याची परीक्षा आधी करावी लागते. त्यातच किरणांखाली नेलेल्या मालाच्या पेटीच्या कडेला आणि मधोमध मात्रा सारखी पोहोचत नाही. कमी मात्रेच्या जागी निर्जंतुकीकरण अपुरे राहू शकते आणि जास्त मात्रेच्या जागी तुटणे वरचढ होऊन जेल सैल पडते. खालची मर्यादा जंतू ठरवतात, वरची मर्यादा पदार्थ ठरवतो, आणि पेटीचा आकार, ती किरणांखाली किती वेळा उलटवायची आणि स्रोत कोणता निवडायचा, हे सगळे निर्णय या दोन मर्यादांमधल्या अंतरातच घ्यावे लागतात.