दुसरा माइक कशासाठी?

गायकासमोर दोन-तीन माइक लावायचे म्हटलं की बहुतेकांच्या मनात एकच हिशोब असतो: एका माइकने आवाज चांगला येतो, तर दोघांनी आणखी भरदार येईल. हा हिशोब चुकीचा आहे. का ते आधी ऐकूनच बघा.

आत्ता तुम्ही फक्त पहिला माइक ऐकताय. आता दुसऱ्याचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारी सरकती कळ, वर घेतो, बरोबरीला आणतो. आवाज मोठा झाला, पण पोकळ झाला ना? दुसरा माइक पहिल्याच्या साधारण १७ सेंटिमीटर मागे आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे तेवढं अंतर कापायला त्याला अर्धा मिलिसेकंद लागतो. १००० हर्ट्झच्या कंपनाचं अर्धं आवर्तन नेमकं तेवढ्याच वेळात होतं. पहिल्या माइकवर लाट चढलेली असते तेव्हा दुसऱ्यावर उतरलेली, आणि मिक्सरमध्ये त्या एकमेकींना गिळतात. ३००० आणि ५००० हर्ट्झला पुन्हा तेच. पोलॅरिटीचं, म्हणजे लाट उलटी करणारं, बटण दाबलं तर खड्डे बुजत नाहीत, नुसती जागा बदलतात. शिवाय खर्जही जातो. ऐका.

उपाय आहे. दोन्ही माइकचे कॅप्सूल, म्हणजे आवाज टिपणारे भाग, एकाखाली एक, एका रेषेत आणायचे. पण एका इंचाची जरी चूक राहिली तरी पहिला खड्डा ६७०० हर्ट्झच्या आसपास पडतो, म्हणजे थेट ‘स’ आणि ‘श’वर घाव. आणि आपले गायक काही पुतळ्यासारखे उभे राहत नाहीत. तान घेताना मान वर जाते, समेवर खाली येते. अंतर बदललं की खड्डेही सरकतात. मिक्सिंगच्या वेळी एक ट्रॅक थोडा पुढेमागे सरकवून हे कायमचं नीट करता येत नाही, कारण दर ओळीला ते वेगळं असतं. दोन वेगळ्या जातीचे माइक, एक डायनॅमिक आणि एक कंडेन्सर, लावून वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्यायला माझी ना नाही. मात्र नंतर एक निवडा आणि दुसरा खरंच सोडून द्या.

मग एकाहून जास्त माइकचं खरं काम कोणतं? अंतर पकडणं. याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण १९७७चं आहे, बर्लिनच्या हान्सा स्टुडिओतलं. शहराचे दोन भाग करणाऱ्या बर्लिनच्या भिंतीच्या अगदी जवळची इमारत, आणि आत जुना, प्रशस्त, उंच छताचा दिवाणखाना. तिथे ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीचं ‘हीरोज’ हे गाणं रेकॉर्ड करताना निर्माता टोनी व्हिस्कोंटीने तीन माइक लावले. पहिला तोंडापासून नऊ इंचांवर, दुसरा सुमारे २० फुटांवर, तिसरा ५० फुटांवर. लांबच्या दोघांवर गेट, म्हणजे आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला तरच माइक उघडणारं यंत्र. बोवी हळू गातोय तोवर दोन्ही बंद. आवाज चढला की दुसरा उघडतो. तो अगदी टिपेला पोचला, ओरडायला लागला, की तिसराही.

यातली गंमत बघा. गाण्याच्या सुरुवातीला तो कानाशी बोलतोय असं वाटतं, आणि शेवटी तोच माणूस अख्ख्या दिवाणखान्यात घुमतो. नंतर वरून रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, टाकला असता तर तो कुजबुजीलाही सारखाच चिकटला असता. इथे जागा उघडते ती गळ्याच्या जोरावर.

आणि मघाचे खड्डे? २० फुटांवर आवाज सुमारे १७ मिलिसेकंद उशिरा पोचतो, ५० फुटांवर ४४. गळ्यातून सरळ येणारा आवाज तिथवर जाईतो फार क्षीण होतो. माइकला मिळतं ते बहुतेक भिंती-छतावरून परतलेलं. खड्डे इतके दाट आणि विखुरलेले असतात की कानाला ती खोलीच वाटते.

आता तुम्ही विचाराल, आमची खोली दहा बाय बारा, ५० फूट आणायचे कुठून? सोसायटीचा जिना वापरा. गायक घरात, दार उघडं, दुसरा माइक जिन्याच्या वळणावर. रिकाम्या, प्लास्टर केलेल्या जिन्याला उत्तम घुमारा असतो. एक काळजी घ्या: गेटची चावी, म्हणजे ते कधी उघडायचं हे ठरवणारा सिग्नल, जिन्यातल्या माइकला देऊ नका. ती जवळच्या माइकवरून द्या, तीही कंप्रेसरच्या आधीच्या सिग्नलवरून. कंप्रेसरने चढउतार चेपल्यावर गेटला कळणार काय? चावी जवळच्या माइककडे असली तर शेजारच्या कुकरच्या शिट्टीने गेट उघडणार नाही. पण गायिका तार सप्तकात असताना, गेट सताड उघडं असतानाच शिट्टी झाली तर ती टेकमध्ये येणारच. स्वयंपाकाच्या वेळा तेवढ्या आधी विचारून ठेवा.