टाच टेकत नाही

आधी पावलं पाहा. सात वर्षांची ही मुलगी चवड्यांवर चालते. घरच्यांना वाटायचं, खोड आहे, मोठी झाली की जाईल.

हा तिच्या पाठीचा एक्स-रे. मणके वरून दाबल्यासारखे चपटे. गुडघ्यापाशी, हाडाच्या टोकाला हे काळसर डाग दिसतायत ना, तिथे कूर्चेचं हाड झालेलंच नाही. उंची खुंटली ती इथे.

आणि हा मेंदूचा सीटी स्कॅन. आत खोलवर, दोन्ही बाजूंना, ओल्या पाटीवर खडू टेकवावा तसे पांढरे ठिपके. कॅल्शियम साठलंय. एमआरआयमध्ये हे ठिपके निसटू शकतात, म्हणून सीटी.

हाडांची फाईल एका विभागात, घसरलेल्या प्लेटलेट्सची दुसऱ्या, पायांच्या ताठरपणाची तिसऱ्या. टेबलावर आज त्या पहिल्यांदा शेजारी-शेजारी आल्या आहेत. आजार एकच: स्पॉन्डिलोएनकॉन्ड्रोडिस्प्लेशिया. (हे नाव आम्हाला चौथ्या टेकला जमलं.)

१९७६ साली दोन भावांमध्ये त्याचं वर्णन झालं, तेव्हा तो निव्वळ हाडांचा वाटला. मूळ सापडायला २०११ उजाडलं. एसीपी५ हे जनुक बिघडलं की ट्रॅप नावाचं विकर बनत नाही. जुनं हाड खाणाऱ्या पेशींत ते लागतं, तसं रोगप्रतिकारक पेशींतही. ऑस्टिओपॉन्टिन या प्रथिनावरचं फॉस्फेट उतरवणं, हे त्याचं एक काम. ते अडलं की इंटरफेरॉनचा, म्हणजे विषाणू आल्याचा इशारा देणाऱ्या प्रथिनांचा, नळ चालूच राहतो. विषाणू कुठेच नाही, तरी शरीर लढाईला उभं. मग हल्ला आपल्याच प्लेटलेट्सवर, कधी ल्यूपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याचा आजार, होऊन मूत्रपिंडांवर.

ठिपके जास्त म्हणून त्रास जास्त, असा हिशेब मात्र नाही. मेंदूत ठिपके असूनही धावणारी मुलं आहेत.

भिंतीवरच्या फोटोतली नवरी, म्हणजे या मुलीची आई, ही नवऱ्याच्या मामाची मुलगी. दोघंही धडधाकट. पण सदोष जनुकाची एकेक प्रत दोघांकडे, त्यामुळे प्रत्येक मुलाला धोका चारात एक. नात्यातलं लग्न, बुटकं मूल, प्लेटलेट्स कमी, ताठर पाय: एवढं एका केसपेपरवर आलं, तरी जनुकतपासणी वेळेवर होते.

औषधांनी प्रतिकारशक्तीचा भडका आवरता येतो. उंची भरून निघत नाही.

(निवेदन थांबतं. मुलगी दारापर्यंत चालत जाते.)

धाकट्या भावाचंही रक्त तपासायला गेलंय. तो टाचा टेकून चालतो.