जँगोची ८८ अक्षरांची ओळ

[पडद्यावर: कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमधली एक कमिट, म्हणजे बदलांची एक नोंद. लाल-हिरव्या ओळी सरकत राहतात.]

फेब्रुवारी २०२२. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं नावाजलेलं वेब फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा, जँगो. एका कमिटमध्ये त्याच्या शेकडो फाइल्स बदलल्या. नवं फीचर नाही, बग सुटला नाही. एकेरी अवतरणचिन्हं दुहेरी झाली, लांबलचक ओळी मोडल्या, कंस खाली उतरले. हे सगळं केलं ब्लॅक नावाच्या फॉरमॅटरनं, म्हणजे कोडची मांडणी आपोआप बदलणाऱ्या प्रोग्रॅमनं.

शिस्त जँगोला नवी नव्हती. कोडमधल्या चुका हेरणारा फ्लेक८ आणि इम्पोर्टचा (दुसरीकडचा कोड आणणाऱ्या ओळींचा) क्रम बघणारा आयसॉर्ट आधीपासून तपासणी करतच होते. पण फ्लेक८ फक्त बोट दाखवतो: हा इम्पोर्ट वापरलेला नाही, ही ओळ लांबली. निस्तरायचं माणसानं. बाकीची मांडणी रिव्ह्यू करणाऱ्याच्या, म्हणजे दुसऱ्याचा कोड तपासणाऱ्याच्या, नजरेवर. कुणी नवखा धडपडून बग सोडवायचा आणि त्याला उत्तर मिळायचं, कंस पुढच्या ओळीवर घ्या!

ही घासाघीस थांबावी म्हणून ब्लॅक वापरण्याचा ‘डेप ८’ हा जँगोचा अधिकृत प्रस्ताव आला आणि २०१९ मध्ये मंजूरही झाला. वाद मात्र बराच झाला. हातानं नीट जुळवलेली मांडणी ब्लॅक मोडून टाकतो, हा आक्षेप काही खोटा नव्हता. ब्लॅक पर्याय जवळजवळ देतच नाही. त्याची ओळ ८८ अक्षरांची, जँगोत तोवर ११९ पर्यंत चालायची.

मंजुरीनंतरही जँगो थांबला, कारण ब्लॅक तेव्हा बीटामध्ये, म्हणजे चाचणीच्या टप्प्यात होता. आवृत्ती बदलली की मांडणीही बदलणार, मग रोज उठून कोड कोण ढवळणार? जानेवारी २०२२ मध्ये ब्लॅकची पहिली स्थिर आवृत्ती आली आणि काही दिवसांतच जँगोनं काम उरकलं.

[पडद्यावर: दोन ओळींत तोडलेला एक एरर मेसेज.]

हा मेसेज बघा. दोन तुकडे, दोन ओळींवर. ब्लॅक ते एका ओळीवर शेजारी शेजारी आणून ठेवतो, पण सांधत नाही. मधली अवतरणचिन्हं तशीच लोंबकळत राहतात. म्हणून असा कोड आधी हातानं सरळ केला. मग ब्लॅक चालवला. तरी ८८ च्या पुढे गेलेल्या कमेंट्स आणि स्ट्रिंग्ज उरल्याच, त्या पुन्हा हातानं. यंत्राच्या कामाला पुढून-मागून माणूस लागलाच.

एवढा बदल तपासणार कोण? ब्लॅक आधीचा आणि नंतरचा कोड वाचून दोन्हींचे सिंटॅक्स ट्री, म्हणजे मांडणी वगळून उरणारी कोडची रचना, ताडून पाहतो. अर्थ बदलला असेल तर फाइल लिहीतच नाही.

खरी पंचाईत ‘गिट ब्लेम’ची, म्हणजे प्रत्येक ओळ शेवटी कुठल्या कमिटमध्ये कुणी बदलली ते दाखवणाऱ्या गिटच्या आज्ञेची. ही ओळ कुणी लिहिली, असं विचारलं की जिथे तिथे तीच कमिट पुढे येणार. सुदैवानं ऑगस्ट २०१९ च्या गिट २.२३ मध्ये ठरावीक कमिट वगळायची सोय आली होती. जँगोनं त्या कमिटचा क्रमांक एका छोट्या फाइलमध्ये नोंदवला, आणि ब्लेमला ती फाइल दाखवली की मूळ लेखक पुन्हा दिसू लागतात. उघड्या पुल रिक्वेस्टना, म्हणजे लोकांनी पाठवलेल्या पण अजून सामील न झालेल्या बदलांना, मात्र अशी सूट नव्हती. तिथले कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच ओळीवरच्या दोन बदलांची टक्कर, ज्याचे त्यानं सोडवायचे.

आता प्री-कमिट, म्हणजे कमिटआधी तपासण्या चालवणारं साधन, लावलेलं असेल तर कमिट करतानाच ब्लॅक चालतो. नसेल आणि मांडणी चुकली तर सीआय, म्हणजे पाठवलेला बदल आपोआप तपासणारी यंत्रणा, लाल होते. व्हेरिएबलच्या नावावरून रिव्ह्यूत खटके उडायचे ते उडतातच. आणि २०२३ मध्ये दस्तऐवजांतली कोडची उदाहरणंही याच वळणावर आणली गेली.